माहीमचा उपसागर : सेतू, पथकर आणि राखण

पाणी ओलांडावयाचे म्हणजे कोणाच्या तरी हातावर काही तरी ठेवावे लागते, ही रीत आपल्या देशात फार जुनी आहे. जुन्नरच्या वाटेवर, नाणेघाटाच्या माथ्यावर, दगडात कोरलेला एक मोठा रांजण आजही पाहावयास मिळतो. सातवाहनांच्या काळी कोकणातून वर चढणारे व्यापारी आपल्या जकातीची नाणी ह्या रांजणात टाकीत, अशी परंपरा आहे. घाटाची ही गोष्ट झाली. नदीच्या उतारासंबंधी तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात नावाध्यक्ष नावाचा अधिकारी नेमलेला असून, माणूस, जनावर, ओझे, गाडी ह्या प्रत्येकाच्या उताराचे दर ठरवून दिलेले आहेत. ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रोगी, राजाचा जासूद आणि गर्भवती स्त्री ह्यांनी मात्र नावाध्यक्षाची मुद्रा घेऊन विनामूल्य पार व्हावे, असेही तेथे सांगितले आहे.

परंतु त्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वचन दरांसंबंधीचे नाही. नावेवर पुरेशी माणसे नसल्यामुळे, साहित्य अपुरे असल्यामुळे, किंवा नाव डागडुजीवाचून तशीच ठेवल्यामुळे ती बुडाली, तर जे नष्ट झाले असेल ते नावाध्यक्षाने भरून द्यावे, असा तेथे दंडक आहे. उतार घेणाऱ्याने नाव राखली पाहिजे. राखली नाही तर नुकसान त्याच्या पदरी. पथकराविषयी पुढे दोन हजार वर्षांत जे जे वाद झाले, त्यांतील बहुतेकांचा निकाल ह्या एका वाक्यात लागतो. मुंबईजवळच्या माहीमच्या उपसागराचा इतिहास ह्या कसोटीवर लावून पाहण्यासारखा आहे. कारण त्याच्या काठी आणि त्याच्या मुखावर गेल्या सव्वादोनशे वर्षांत पाणी ओलांडण्याची तीन मोठी साधने झाली, आणि खर्चाची भरपाई प्रत्येकाने निराळ्या वाटेने केली.

दक्षिणेस वरळीचे टोक आणि उत्तरेस वांद्र्याचे टोक, ह्या दोहोंच्या कवेत असलेले पाणी तो माहीमचा उपसागर. त्याच्या आतल्या कोपऱ्यात मिठी नदी माहीमच्या खाडीवाटे येऊन मिळते. मुंबई हे बेट आणि साष्टी हे दुसरे बेट. त्यांच्यामधली ही खाडी रुंदीने फार मोठी नव्हे, पण ओहोटीला चिखल आणि भरतीला ओढ, अशी तिची दुहेरी अडचण. वांद्र्याच्या टोकावर पोर्तुगिजांनी १६४० साली किल्ला बांधला. समोर वरळीस आणि माहीमला इंग्रजांचे किल्ले. पाण्याच्या दोन बाजूंस दोन राज्ये असली म्हणजे पाण्यावर जकात बसावयाचीच. मुंबई इंग्रजांस आंदण मिळाल्यावर त्यांची एक कायमची तक्रार होती, ती ही की मुख्य भूमीवरून मुंबईस येणाऱ्या मालावर पोर्तुगीज लोक ठाणे आणि करंजा येथे जकात उकळतात. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेने साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. दोन्ही काठांवर आता एकच सत्ता आली. जकातीचे राजकीय कारण संपले, पण चिखल होता तेथेच होता.

ह्या चिखलाचा उपद्रव केवळ मुंबईकरांसच होता असे नव्हे. वैतरणेच्या खोऱ्यातले, वाडे-मोखाडे-जव्हारच्या रानांतले लाकूड उत्तर कोकणातून मुंबईस जाई. साष्टीतील तांदूळ, भाजी आणि गवतही तिकडेच जाई. सारा उत्तर कोकण मुंबईचे पोट भरीत असता त्याच्या आणि मुंबईच्या मध्ये सलग गाडीवाट नव्हती. माल होडीत चढवावा, उतरवावा, पुन्हा गाडीत भरावा. पावसाळ्यात तर तेही बंद.

पहिला उपाय गव्हर्नर जोनाथन डंकन ह्याच्या कारकीर्दीत झाला. शीव आणि कुर्ला ह्यांच्यामध्ये भरावाचा रस्ता घालण्याचे काम १७९८ च्या मे महिन्यात सुरू होऊन १८०५ च्या आरंभी पूर्ण झाले. खर्च पन्नास हजार रुपयांच्या आसपास आला. हा रस्ता उपसागरावर नव्हता, त्याच्या पाठीमागच्या पाणथळीवर होता. परंतु मुंबई बेट साष्टीला पायी जोडणारा तो पहिलाच मार्ग. सरकारने ह्या रस्त्यावर गाड्यांकडून पथकर घेतला. पुढे तो उठविण्यात आला. १८२६ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या अमदानीत, आणखी सुमारे चाळीस हजार रुपये खर्चून रस्त्याची रुंदी दुप्पट करण्यात आली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मूळ रस्त्याला पन्नास हजार लागले आणि वीस-बावीस वर्षांतच त्याच्या वाढीस व सुधारणेस चाळीस हजार. बांधकामाचा आकडा शिलेवर कोरला जातो. नंतरच्या खर्चाला सहसा शिला मिळत नाही. शीवच्या शिलालेखात दोन्ही आकडे कोरले गेले, हा अपवाद म्हणावयाचा.

शीवचा रस्ता झाला तरी माहीम-वांद्र्याच्या लोकांस त्याचा फारसा उपयोग नव्हता. वांद्र्याच्या माणसाने समोर दिसणाऱ्या माहीमला जाण्यासाठी कुर्ल्याचा वळसा घ्यावा, ही गोष्ट नकाशावर सोपी दिसे. प्रत्यक्षात तो होडीतच बसे, आणि वादळी दिवसांत होड्या उलटत. अशा अपघातांच्या कहाण्या त्या काळात पुष्कळ सांगितल्या जात. लोकांची मागणी होती, पण कंपनी सरकार खर्चास तयार होईना. अशा वेळी सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. जमशेटजी हे चीनच्या व्यापारावर अफाट संपत्ती मिळविलेले गृहस्थ. त्यांना १८४२ साली सरदारकी मिळाली आणि तेव्हापासून आवाबाई ‘लेडी जमशेटजी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. माहीमच्या रस्त्यासाठी त्यांनी प्रथम दिलेली रक्कम अपुरी पडली, तेव्हा त्यांनी आणखी भर घातली. एकंदर देणगी दीड लाख रुपयांच्या वर गेली. आवाबाईंनी वांद्र्याच्या मोत माउलीला नवस केला होता आणि त्याची ही फेड, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पारशी बाईने ख्रिस्ती देवस्थानाच्या वाटेवर हिंदु-मुसलमान कोळ्यांच्या आणि गाडीवानांच्या सोयीसाठी सेतू बांधला, हे लोकांना मनापासून पटले, म्हणूनच तर ती टिकली.

१८४५ साली गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर ह्याच्या हस्ते हा मार्ग खुला झाला. त्या देणगीस आवाबाईंनी एक अट घातली होती: ह्या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाकडूनही सरकारने कर घेऊ नये. अट लहान, पण तिच्यात मोठा विचार होता. श्रीमंत मनुष्य होडीला दोन आणे जास्त देऊन पार होऊ शकत होताच. कराने अडला असता तो डोक्यावर टोपली घेतलेला. दानाने बांधलेला सेतू कराच्या हाती गेला, तर तो ज्यांच्यासाठी बांधला त्यांनाच पारखा होईल, हे त्या बाईने ओळखले होते.

मात्र ह्या अटीचे दुसरे टोक फारसे कोणी पाहत नाही. देणगी बांधकामाची होती. राखणीसाठी वेगळा निधी ठेवलेला नव्हता. कर नाही आणि निधी नाही, म्हणजे दुरुस्तीचा भार सर्वसाधारण तिजोरीवर. सरकारने, आणि पुढे नगरपालिकेने, तो उचलला. गेली पावणेदोनशे वर्षे हा मार्ग वाहता आहे, रुंद झाला आहे, त्याच्या भिंती आणि पूल पुन्हापुन्हा नवे झाले आहेत. आणि त्या सर्वाचा खर्च ज्यांनी दिला त्यांतील असंख्यांनी माहीमचे तोंडही पाहिलेले नसेल. दात्रीचे नाव लेडी जमशेटजी रस्त्याला मिळाले ते योग्यच झाले. पण तिच्या दानाला कोट्यवधी अनामिक करदात्यांनी हात लावलेला आहे, हे विसरता कामा नये. विनामूल्य सेतू म्हणजे ज्याचे मूल्य कोणी दुसरा देतो असा सेतू.

आगगाडी आली आणि काही काळ रस्त्यांचे महत्त्व मागे पडले. १८६७ साली विरारपासून मुंबईपर्यंत स्थानिक गाडी धावू लागली, आणि वांद्रे हे उपनगर झाले. विसाव्या शतकात मोटारी आल्या. शतकाच्या अखेरीस त्या इतक्या झाल्या की माहीमचा रस्ता म्हणजे मुंबईचा घसा, आणि तो नेहमीच बसलेला, अशी स्थिती झाली. पश्चिम उपनगरांतून दक्षिण मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ह्याच गळ्यातून जावे लागे. तेव्हा उपसागराला काठाकाठाने वळसा न घालता त्याच्या मुखावरूनच वांद्र्याहून वरळीस जावे, ही कल्पना पुढे आली. तीच आज वांद्रे-वरळी सागरी सेतू म्हणून उभी आहे.

ह्या सेतूचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले. पायाभरणी १९९९ साली बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या हस्ते झाली. पाच वर्षांत पूर्ण व्हावयाचे काम दहा वर्षे चालले. मच्छीमारांच्या हरकती, पर्यावरणाच्या प्रश्नावर न्यायालयात गेलेले अर्ज, आराखड्यातील फेरफार आणि पैशाची ओढाताण, ह्या सर्वांचा त्यात वाटा होता. खर्च सुमारे १,६०० कोटी रुपयांवर गेला. ३० जून २००९ रोजी सोनिया गांधी ह्यांच्या हस्ते उद्‌घाटन होऊन सेतूला राजीव गांधींचे नाव देण्यात आले; त्या वेळी आठांपैकी चारच मार्गिका तयार होत्या, उरलेल्या २०१० च्या मार्चमध्ये खुल्या झाल्या.

सेतूची एकंदर लांबी ५.६ किलोमीटर. त्याचा बहुतेक भाग खांबांवर ठेवलेल्या काँक्रीटच्या पोकळ पेटीसारख्या तुळयांचा आहे. परंतु डोळ्यांत भरतो तो वांद्र्याच्या बाजूचा तारांनी तोललेला भाग. १२८ मीटर उंचीचा एक मनोरा मध्ये उभा, आणि त्याच्या दोन्ही अंगांस अडीचअडीचशे मीटरांचे दोन गाळे तिरप्या तारांवर पेललेले. वांद्र्याच्या ह्या भागात २६४ तारदोर आहेत. त्यांतील पोलादी तारा एकापुढे एक जोडल्या तर पृथ्वीला प्रदक्षिणा घालता येईल, असा हिशेब त्या वेळी ठिकठिकाणी छापून आला. असे हिशेब वर्तमानपत्रांस फार प्रिय असतात. त्यावरून तारेची लांबी कळते, तिची काळजी किती घ्यावी लागेल हे कळत नाही.

वरळीच्या बाजूस दुसरा, लहान असा तारांचा पूल आहे. त्याचा मधला गाळा दीडशे मीटरांचा. तो शोभेसाठी नाही. वरळी कोळीवाड्याच्या होड्यांची वाट त्याच्याखालून जाते. समुद्रात खांब रोवताना तो ज्यांचा रस्ता आहे त्यांची आठवण ठेवावी लागते, हे त्या गाळ्याने कबूल केले. पुढे मुंबई महानगरपालिकेचा किनारी रस्ता ह्याच सेतूला जोडण्याची वेळ आली, तेव्हा हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. दोन खांबांमधले ६० मीटर अंतर लाटांच्या दिवसांत होड्यांस पुरणार नाही, ते वाढवा, असे वरळीचे कोळी वर्षानुवर्षे सांगत राहिले. अखेर ते अंतर १२० मीटर करण्याचे महानगरपालिकेने मान्य केले. ह्या पाण्याचे सर्वांत जुने वाटसरू हेच. त्यांनी मोटारीच्या सेतूचा पथकर कधी दिला नसला, तरी सेतूची किंमत त्यांनीही मोजली आहे.

आता कराकडे वळावयाचे. सेतू खुला झाला तेव्हा मोटारीस एका फेरीचे ५० रुपये पडत. दर ठरावीक मुदतीने वाढत गेले. १ एप्रिल २०२४ पासून मोटारीचा दर ८५ वरून १०० रुपये झाला. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांस, तसेच पादचाऱ्यांस, ह्या सेतूवर मज्जावच आहे. वाऱ्याचा आणि वेगाचा विचार करता ह्या बंदीला कारण आहे हे मान्य; परंतु तिचा परिणाम असा झाला की आवाबाईंच्या मार्गावरून जाणारा टोपलीवाला, सायकलस्वार, रिक्षावाला आणि मोटारसायकलीवरून विरार-नालासोपाऱ्याहून येणारा कामगार हे सारे जुन्या गळ्यातच राहिले, आणि नव्या वाटेने ज्याच्याजवळ मोटार आहे तोच गेला. मोटारवाल्याने आपल्या सुखाचे पैसे आपण द्यावे, ही गोष्ट न्यायाला धरून आहे. सेतू जर सर्वांच्या करातून बांधला असता आणि त्यावरून फक्त मोटारी गेल्या असत्या, तर तो मोठा अन्याय झाला असता. आवाबाईंनी कर नाकारला तो गरिबाच्या नावाने. ह्या सेतूवर कर योग्य ठरतो तोही गरिबाच्याच नावाने. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

लोकांचा रोष दराहून अधिक हिशेबावर असतो. बांधकामाचे कर्ज फिटले की कर बंद व्हावा, असे सामान्य मनुष्यास वाटते. त्याला कराचा एकच अर्थ सांगितला गेलेला असतो, तो म्हणजे बांधणीची भरपाई. वास्तविक समुद्रावरचा पूल बांधून होतो त्या दिवशी त्याचा खर्च सुरू होतो. हे कसे, ते थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे.

काँक्रीट दगडासारखे दिसते, पण ते दगड नव्हे. त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. समुद्राच्या पाण्यातले मीठ त्या छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपते आणि आतल्या पोलादी सळ्यांपर्यंत पोहोचते. ताज्या काँक्रीटमध्ये पोलादावर एक संरक्षक पापुद्रा असतो. मीठ तो फोडते, आणि गंज धरू लागतो. गंज मूळ पोलादाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुगते, तडकते, ढलप्या पडतात, आणि त्या भेगांतून आणखी खारे पाणी आत शिरते. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीमध्ये साडेचार मीटरांहून अधिक फरक पडतो. खांबाचा जो भाग दिवसातून दोनदा भिजतो आणि दोनदा सुकतो, त्याची स्थिती सर्वांत वाईट; सदैव पाण्याखाली असणारा भाग त्या मानाने सुखी, कारण गंजाला हवाही लागते. त्यावर चार महिन्यांचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस, आणि खाडीतून येणारे शहराचे मैलापाणी.

ताणलेल्या तारांचे दुखणे ह्याहूनही गूढ. ज्या काँक्रीटच्या तुळयांत पोलादी तारा ताणून बसवलेल्या असतात, त्यांत एक तार गंजून तुटली तरी बाहेरून काही दिसत नाही. ह्याचा धडा महाराष्ट्राला वाशीच्या खाडीवर मिळालेला आहे. ठाण्याच्या खाडीवरील पहिला पूल १९७० च्या दशकाच्या आरंभी झाला. वीस वर्षे पुरी होतात न होतात तोच त्याच्या ताणतारा गंजल्याचे आढळले, दुरुस्तीचे मोठे काम काढावे लागले, आणि १९९० च्या दशकात शेजारी दुसरा पूल बांधावा लागला.

पालघर जिल्ह्यातील लोकांस तर ह्याचा अनुभव अगदी घरचा आहे. जव्हारहून विक्रमगड, मनोर करीत अहमदाबादच्या महामार्गाला लागावे, खानिवड्याच्या नाक्यावर टोल द्यावा आणि वसईची खाडी वर्सोव्याच्या पुलावरून ओलांडावी, ही मुंबईची नेहमीची वाट. त्या पुलाच्या तुळईला २०१३ च्या डिसेंबरात तडा गेल्याचे आढळले. पुढे कित्येक महिने जड वाहने अडली, गाड्यांच्या रांगा मैलोगणती लागल्या. २०१६ साली पुन्हा तोच प्रकार. शेजारचा नवा पूल २०२३ साली खुला होईपर्यंत त्या खाडीने उत्तर कोकणाचा श्वास कोंडून धरला होता. मार्गावर टोल चालू होता, आणि त्याच मार्गावरचा पूल दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. कौटिल्याच्या नावाध्यक्षाला अशा वेळी आपल्या खिशात हात घालावा लागला असता.

बाहेरच्या जगातही ह्या बाबतीत दोन मोठी उदाहरणे आहेत, आणि ती एकमेकांच्या उलट दिशेची आहेत. अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या मुखावर १९३७ साली गोल्डन गेट पूल झाला. त्याचे रोखे लोकांनी घेतले होते. साडेतीन कोटी डॉलर मुद्दल आणि जवळजवळ तीन कोटी नव्वद लाख डॉलर व्याज, एवढी सारी रक्कम पथकरातून १९७१ साली फिटली. तरी कर चालूच राहिला. कारण त्या खाऱ्या धुक्यात रंगाऱ्यांचे काम कधी संपत नाही, आणि भूकंपासाठी पूल भक्कम करण्याचे काम त्यात पुढे मिळाले. उलट स्कॉटलंडमध्ये फोर्थ खाडीवरचा १९६४ सालचा झुलता रस्तापूल. त्याच्या मुख्य दोरखंडांचे आवरण उघडून पाहता आतल्या तारा गंजून त्यांची शक्ती घटल्याचे चाळीस वर्षांनी कळून आले. दोरखंडांत कोरडी हवा सोडून गंज थोपविण्याचा उपाय योजावा लागला. ह्याच सुमारास, २००८ साली, लोकांच्या मागणीवरून तेथील पथकर रद्द झाला, आणि राखणीचा भार सरकारी तिजोरीवर गेला. २०१७ साली शेजारी तिसरा पूल झाला, तोही करमुक्त. स्कॉटलंडच्या तिजोरीला ते परवडले. मुंबईच्या सागरी सेतूचा भारही शेकडो तारदोरांवर आहे, तेव्हा ही उदाहरणे परकी म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत.

सागरी सेतूची राखण म्हणजे काय, ह्याची कल्पना असावी. तारांची आवरणे शाबूत आहेत किंवा नाहीत हे वरपर्यंत चढून पाहावयाचे; त्यांचा ताण मोजावयाचा. तुळया ज्यांवर टेकलेल्या असतात ते बैठकीचे ठोकळे झिजतात, ते तुळई किंचित उचलून बदलावयाचे. उन्हाने पूल लांबतो, थंडीने आखडतो. त्यासाठी ठेवलेले सांधे गाड्यांच्या धक्क्यांनी खिळखिळे होतात, ते नवे करावयाचे. पाण्याखाली पाणबुडे उतरवून खांबांच्या पायाशी माती किती वाहून गेली ते तपासावयाचे. ह्यांतील एकही काम उद्‌घाटनास योग्य नाही. फीत कापण्यासारखे त्यात काही नसते, छायाचित्र काढण्यासारखेही नसते. आणि म्हणूनच अंदाजपत्रकात काटछाट करावयाची झाली की पहिली कात्री ह्याच खर्चावर चालते. पथकराचा सर्वांत मोठा गुण हा, की तो राखणीसाठी बांधून ठेवता येतो. तो तसा बांधून ठेवला नाही, कर्ज फेडणे आणि नवी कामे काढणे ह्यांतच खर्च झाला, तर मात्र त्याच्या बाजूने बोलण्यासारखे फारसे उरत नाही. किती जमा झाले, किती व्याजात गेले आणि किती तारांवर, सांध्यांवर, ठोकळ्यांवर खर्चले, हे नाक्यावरच्या फलकावर दरांच्या शेजारी लिहिले, तर शंभर रुपये देणाऱ्याची कुरकूर निम्म्याने कमी होईल.

अलीकडच्या काळात वारे दोन्ही दिशांनी वाहत आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावा-शेवा ह्यांस जोडणारा अटल सेतू खुला झाला. त्याची लांबी २१.८ किलोमीटर, त्यांपैकी साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. मोटारीस एका फेरीचा कर २५० रुपये ठरला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरपासून मुंबईच्या वेशीवरील पाच नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल उठला. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. माहीमच्या उपसागरावर तर आणखी चमत्कारिक स्थिती झाली. २०२४ च्या सप्टेंबरात महानगरपालिकेचा किनारी रस्ता १३६ मीटरांच्या कमानी तुळईने सागरी सेतूला जोडला गेला. किनारी रस्ता करमुक्त, सागरी सेतू करयुक्त. मोटार एकच, समुद्र एकच, वाटेत जोडही दिसत नाही, पण कर अर्ध्याच वाटेचा. पहिल्याची राखण सर्व मुंबईकरांच्या खिशातून, दुसऱ्याची त्यावरून जाणाऱ्याच्या. कोणते अधिक योग्य ह्यावर मतभेद होऊ शकेल. पण दोहोंतही राखणीचा पैसा कोठून तरी येणारच, आणि तो वेळेवर येतो की नाही हे भरतीच्या पाण्याला बरोबर कळते.

पथकराच्या तत्त्वाला एक मर्यादाही आहे, आणि ती मुंबईत उभे राहून दिसत नाही. कर तेथेच पूल बांधू शकतो जेथे कर देणाऱ्यांची रांग असते. १९९२-९३ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे नाव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाले. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत असे कितीतरी पाडे आहेत की ज्यांच्या आणि डांबरी रस्त्याच्या मध्ये एक ओढा असतो. उन्हाळ्यात तो कोरडा, आषाढात छातीएवढा. तेथे पूल नको, साकव पुरतो. त्याची लांबी सागरी सेतूच्या एका गाळ्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही नसते. परंतु त्यावरून दिवसाकाठी शाळेची पोरे जाणार, रेशन आणावयास बाया जाणार, आणि एखाद्या वेळी झोळी करून दवाखान्यात नेलेले आजारी माणूस. कौटिल्याने ज्यांना उतार माफ केला, त्यांतील बालक, वृद्ध, रोगी आणि गर्भवती ही सारी तेथे एकाच ओढ्याच्या काठी भेटतात. त्यांच्याकडून कोणता कर घ्यावयाचा, आणि कोणता ठेकेदार तो घ्यावयास नाका उभारील? तो साकव सरकारच्या तिजोरीतूनच व्हावयाचा. आणि पावसाळ्यात वाहून गेला, तर दुसरा पावसाळा येण्यापूर्वी त्याच तिजोरीतून पुन्हा उभा राहावयाचा.